मौनाची तालीम

शाळेत भाग्यश्री आणि घरात भागू असलेल्या त्या पोरीला प्रश्न पडले नाहीत, असा दिवस उगवत नव्हता. पण रविवारी सकाळी आबांनी जे सांगितलं, ते तिच्याही डोक्यात कधी आलं नव्हतं.

"आज दिवे लागेपर्यंत मी बोलणार नाय. हात बी हलवणार नाय. मला काय पाहिजे ते तुम्हीच वळखा."

भागूचे हे आजोबा, बद्रीनाथ, एके काळी सोयगावच्या बाजारात कापसाची हर्राशी, म्हणजे लिलाव, पुकारायचे. त्यांचा आवाज पार एसटी स्टँडपर्यंत जायचा म्हणे. आता तोच अडखळत, घोगरा यायचा. नसांचा आजार. आधी बोलणं आणि हातांतलं बळ जाईल, मग गिळणं, मग श्वास अडेल; काय हवं, काय नको ते आत्ताच घरच्यांना सांगून ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आबांनी विषय काढला की बाबा "अभद्र बोलू नका" म्हणत उठून जायचे. म्हणून ही तालीम.

बाबा लगेच कामाला लागले. चिकलठाण्याचं घर जालना रोडला खेटून, ट्रकांचा नुसता गोंगाट. त्यांनी आबांचा पलंग मागच्या खोलीत नेला, पडदे ओढले. भागूनं मोबाइलवर भजन लावलं, वर मऊ खिचडी भरवली. आबांचा चेहरा दगडाचा. भागूला वाटलं, आपण पास.

दुपारी घरकाम आवरून आई त्या खोलीत आली. तिनं काहीच केलं नाही. समोर बसून आबांकडं नुसती बघत राहिली, मग म्हणाली, "मामंजी, हे भजन बंद करू का? करायचं असंल तर डोळे मिटा."

आबांनी डोळे मिटले.

"असं चालतं व्हय?" भागू ताडकन उठली. "हलायचं नाय म्हणले होते ना?"

"हात हलवायचा नाय म्हणले. डोळ्याचं कुठं काय म्हणले?"

मग भागूला कोण आवरणार? पाणी? उशी? खिचडीत मीठ कमी होतं का? बाबा घोरतात त्याचा त्रास होतो का? यावर आबांनी डोळे मिटले ते लवकर उघडलेच नाहीत.

दिवे लागले. सगळे आबांभोवती बसले. भागूनं एक प्रश्न मात्र मागं ठेवला होता, कारण त्याचं उत्तर तिला आबांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"आबा, श्वासाचं मशीन लावायचं का?"

"भागू, गप बस," बाबा म्हणाले.

"इचारू दे. सकाळपास्नं कामाचं एवढंच इचारलं तिनं." आबा दम खात बोलले. "पोटात नळी घाला, चालंल. मशीन नको. दवाखान्यात डांबू नका. रोडच्या खिडकीपाशी ठिवा. सारा जल्म बाजारात गेला माझा, या खोलीत आत्ताच मेल्यागत वाटतंय. अन् वाचा गेल्यावर माझ्या वतीनं डॉक्टरला सूनबाई सांगंल."

बाबांचा चेहरा उतरला. "मी पोटचा पोरगा असून?"

"तू लई जीव लावतो, रामकिसन. तुझ्या तोंडून 'नको' निघायचं नाय."

बाबा उठले. मग त्यांनी आबांना धरून पुढच्या खोलीत खुर्चीवर बसवलं आणि पलंग एका बाजूनं उचलला. दुसरी बाजू भागूनं आणि आईनं धरली. पलंग खिडकीपाशी टेकला.

"उशी खिडकीकडं करतो," असं म्हणत बाबांनी उशी ठेवलीसुद्धा. मग हात थांबला. ते आबांसमोर वाकले. "करू का?"

आबांना बोलता येत होतं. ते बोलले नाहीत. डोळे टक्क उघडे.

"मग पाय खिडकीकडं? रोड दिसंल असे?"

आबांनी डोळे मिटले. बाबांनी उशी उचलून दुसऱ्या अंगाला ठेवली.