मुकादमाचा डावा डोळा

पेंटरच्या घरचा कुत्रा हरवला आणि त्याचं पोस्टर बाहेरून छापून आणायचं? म्हणजे शिंप्यानं बटण लावायला दुसऱ्याकडे जावं तसलं झालं. बायकोनं मोबाइलमधला फोटो पुढे केला तेव्हा पेंटर एवढंच म्हणाला, "ठेव तो. मी काढतो."

कुत्र्याचं नाव मुकादम. पिल्लू असल्यापासून पेंटर पाटी रंगवायला बसला की हा शेजारी ठाण मांडून देखरेख करायचा, म्हणून ते नाव. आता त्याला चौदावं लागलं होतं. कान गेले होते, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, मागचा एक पाय ओढत चालायचा आणि हृदयासाठी रोज सकाळी एक गोळी. एकही दिवस चुकवू नका, असं जनावरांच्या डॉक्टरनं बजावलं होतं. आणि सोमवारी सकाळी शिडी बाहेर काढताना पेंटरनंच फाटक उघडं टाकलं. बायको त्यावर चकार शब्द बोलली नाही. बोलली असती तर परवडलं असतं.

पेंटरनं त्याच दिवशी चार पाट्या रंगवल्या. आता या माणसाचा हात आधीच गोड. दुकानाच्या पाटीवर मालकाचा चेहरा काढायचा तर वय दहा वर्षांनी कमी, टकलावर केस, चामखीळ गायब. तीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं आपली चामखीळ परत मागितली नव्हती. तोच हात सवयीनं चालला. कान ताठ, छाती पुढे, दोन्ही डोळे लखलखीत. खाली 'हरवला आहे' आणि फोन नंबर. संध्याकाळपर्यंत पाट्या चार नाक्यांवर लागल्या.

मंगळवार गेला, बुधवारही गेला. बहिऱ्या कुत्र्याला हाका मारूनही उपयोग नव्हता. फोन दोनच आले. एकानं विचारलं, असलं पिल्लू कुठं मिळेल. दुसऱ्यानं विचारलं, पाटी कोणी रंगवली.

बायको तीन दिवस गटारं आणि बोळ पालथे घालत होती. पाटीकडे बघायला तिला सवडच झाली नव्हती. गुरुवारी सकाळी ती पहिल्यांदा एका पाटीसमोर थांबली आणि तशीच घरी आली.

"अहो, तो कोण काढलाय?"

"कोण म्हणजे? मुकादम."

"दहा वर्षांपूर्वीचा. त्यावरून आपल्या म्हाताऱ्याला कोण ओळखणार?"

"मग काय, चारचौघांत त्याचं आजारपण मांडू?" पेंटर चिडला.

"तो सापडायला हवाय की शोभायला?"

पेंटरनं रंगाचा डबा उचलला. बायकोनं गोळ्यांचं पाकीट त्याच्या शर्टाच्या खिशात घातलं. "दिसला तर तिथंच द्या," म्हणाली आणि स्वतः स्टेशनच्या बाजूला शोधायला गेली.

सगळ्यात जवळची पाटी टायरच्या दुकानाच्या भिंतीवर होती. पेंटरनं टर्पेंटाइनमध्ये फडकं बुडवून डावा डोळा पुसला आणि ब्रश हातात धरून थांबला. त्याला भीती वाटत होती. डोळा पांढरा केला की मुकादम म्हातारा झाला हे कबूल करावं लागणार, आणि मग त्यापुढचंही. शेवटी त्यानं डोळा पांढरा केला. तोंडावरचे केस पिकवले, एक कान खाली पाडला. डोळ्यांतलं पाणी त्यानं टर्पेंटाइनच्या नावावर खपवलं.

टायरवाला हात पुसत बाहेर आला. "चांगल्या चित्राची वाट का लावताय, पेंटर?" असं म्हणता म्हणता तो थबकला. "अहो, हा तर आमच्याकडचा म्हातारा."

"तुमच्याकडचा?"

"सोमवारी रात्री आला. मागं टायरांत पडून असतो. तुमच्या पाटीतल्या कुत्र्यावर मी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवून होतो हो, एवढा रुबाबदार प्राणी, समोरून निसटायला नको. आणि याला रोज विचारायचो, बाबा, तुझं कुणीच नाही का रे?"

मागच्या बाजूला ट्रकच्या टायरात मुकादम अंगाची जुडी करून पडला होता. धाप लागली होती. डोळे मिटलेले; पेंटर समोर उभा राहिला तरी त्याला पत्ता नव्हता. मग पेंटरचा रंगानं बरबटलेला हात नाकाजवळ आला आणि शेपटी रबरावर दोनदा आपटली. पेंटर तिथंच खाली बसला. गोळी त्यानं कुत्र्याच्या जिभेवर ठेवली आणि ती गिळेपर्यंत गळा चोळत राहिला. मग बायकोला फोन लावला.

"सापडला. गोळी दिली."

पलीकडून नुसते हुंदके ऐकू आले. मग ती म्हणाली, "फाटक तुम्ही उघडं टाकलं होतं."

"हो. मीच."

"त्याला चालवत आणू नका. मी रिक्षा घेऊन येते."

पेंटरनं मुकादमाला उचलून बाहेर आणलं, पाटीखाली बसवलं आणि पुन्हा ब्रश घेतला. चित्रातला मागचा पाय अजून तरुणच राहिला होता.

"आता कशाला?" टायरवाला म्हणाला. "कुत्रा तर मिळाला."

"अर्धवट काम याला चालत नाही," पेंटर म्हणाला.