डावीकडची चार बोटं

मित्रांनो, उजवीकडून पाहिलंत तर माझा चेहरा अजून लख्ख आहे. डावीकडे मात्र वरपासून खालपर्यंत चार बोटं रुंदीची एक काळी पट्टी आहे. मी एक जुना संगणक, आणि माझी सगळी गोष्ट या पट्टीचीच आहे. ऐकायला ती गोड नाही. तरी ऐकून घ्या, कारण माझ्या हातात फारसे दिवस उरलेले नाहीत.

माझ्या जातीला ऑल-इन-वन म्हणतात. इतर संगणकांचा डबा वेगळा असतो आणि पडदा वेगळा. माझं तसं नाही. कारखान्यात माझा मेंदू माझ्या पडद्याच्याच पाठीला पक्का चिकटवून टाकला. आवाजाचा स्पीकरही माझ्याच हनुवटीखाली. एक वायर भिंतीत खोचली की मी तयार. बाहेरून दुसरा पडदा जोडायला माझ्या अंगावर साधी जागासुद्धा ठेवलेली नव्हती. तेव्हा मला त्याचं भारी कौतुक वाटायचं. आपल्याला कोणाची गरजच नाही, असं मी समजायचो.

मला विकत घेतलं ते एका शीतगृहाने. शीतगृह म्हणजे फळं महिनोन्‌महिने ताजी ठेवणाऱ्या थंड खोल्यांची मोठी इमारत. पहिली चार वर्षं मी मॅनेजरबाईंच्या टेबलावर मिरवलो. आल्यागेल्याने म्हणावं, काय सुबक आहे हो, आणि बाईंनी माझ्यावरून हलकेच रुमाल फिरवावा. मग बाईंसाठी नवा लॅपटॉप आला. मी अजून धडधाकट होतो, टाकून द्यायला कोणाचं मन होईना. म्हणून मला उचलून मागे यंत्रशाळेजवळच्या काचेच्या केबिनमध्ये नेऊन बसवलं आणि आठ खोल्यांची राखण माझ्यावर सोपवली.

इथे तुम्हाला एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. शीतगृहाच्या नळ्यांमधून अमोनिया फिरतो. त्याच्यामुळे खोल्या गार राहतात. नळीत आहे तोवर तो सेवक. नळीबाहेर आला तर डोळे आणि छाती जाळत जातो. म्हणून प्रत्येक खोलीत वास हुंगणारं एक छोटं यंत्र बसवलेलं होतं आणि त्या आठही यंत्रांचे आकडे माझ्या पडद्यावर ओळीने दिसायचे. डावीकडून पहिली खोली, दुसरी, तिसरी. सगळं ठीक असेल तर आकडा हिरवा. वायू गळला की आकडा लाल व्हायचा आणि मी घंटा वाजवायचो.

केबिनमध्ये अण्णा बसायचे. ते तिथले सगळ्यांत जुने ऑपरेटर. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर असेल तेवढंच. नळीवर नुसता तळहात ठेवून आत काय चाललंय ते सांगणारा माणूस. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या पाठीला हात लावला आणि म्हणाले, गरम होतोय गडी. घरून एक छोटा पंखा आणून त्यांनी माझ्यामागे ठेवला. मॅनेजरबाईंनी रुमाल फिरवला होता, पण माझी पाठ कोणी पाहिली नव्हती.

तरी ती जागा माझी नव्हती. शेजारी कॉम्प्रेसर दिवसभर थरथरायचा, त्याच्याबरोबर मीही. दमट हवा माझ्या सांध्यांत शिरली. दोन वर्षांत माझा स्पीकर फाटल्यासारखा खरखरू लागला. काहीही नसताना मध्येच करकरायचा आणि अण्णा दचकायचे. शेवटी एके दिवशी वैतागून त्यांनी माझा आवाज पूर्ण बंद केला. मी डोळ्यांत तेल घालून बसतोच की इथे, असं ते माझ्याकडे पाहून म्हणाले. ते खरंच बसायचे. म्हणून मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग ती पट्टी आली. आधी केसाएवढी रेघ, मग बोटभर, मग चार बोटं. पहिल्या खोलीचा आकडा नेमका तिच्याखाली गेला.

मित्रांनो, माझं दुखणं नीट समजून घ्या. माझा मेंदू शाबूत होता. पहिल्या खोलीचा आकडा मला कळत होता, मी तो दर सेकंदाला लिहून ठेवत होतो. फक्त तो माझ्या चेहऱ्यावर उमटत नव्हता.

दुरुस्तीवाला आला. लांब बोटांचा, कमी बोलणारा माणूस. त्याने मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि हात टेकले. पडदा अंगालाच चिकटवलाय, तो म्हणाला, म्हणजे अख्खा संगणक दुकानात न्यावा लागेल. तोवर इथे अंधार. आणि हा पडदा आता मिळतो की नाही तेही सांगता येत नाही. त्यापेक्षा साधा डेस्कटॉप घ्या, मॉनिटर वेगळा. पुढेमागे मॉनिटर बिघडला तर पाच मिनिटांत दुसरा लावून देईन.

मॅनेजरबाईंनी विचारलं, आत्ताच करायला हवं का? हंगाम ऐन भरात होता, खोल्या छतापर्यंत भरलेल्या. दुरुस्तीवाल्याने अण्णांकडे पाहिलं.

"चालतंय तसं," अण्णा म्हणाले. "मी घेईन सांभाळून."

त्यांनी खरोखरच तोड काढली होती. आकड्यांची चौकट ते लहान करायचे आणि ओढून उजवीकडे घ्यायचे. मग आठही आकडे दिसायचे. अडचण एकच होती. वीज जाऊन आली की मी नव्याने सुरू व्हायचो आणि चौकट पुन्हा पडदाभर पसरायची. अण्णा पुन्हा ओढायचे. दिवसातून दोनदा, चारदा. त्यांच्या हाताला ते इतकं सवयीचं झालं की बोलता बोलता व्हायचं. माझं हे व्यंग त्या इमारतीत मग कोणाच्या ध्यानातही राहिलं नाही.

त्याच हंगामात अण्णांचे जावई कामाला लागले. आधी ते मालाची गाडी चालवायचे. अण्णांनीच शब्द टाकून त्यांना आत घेतलं होतं. माणूस कामाला चोख, बोलायला नम्र. पण सासऱ्याच्या हाताखाली जावई म्हणजे दोघांचीही पंचाईत. अण्णा बाकीच्या कामगारांना अरे-तुरे करायचे, चुकलं की चारचौघांत झापायचे. जावयाला मात्र 'जावईबापू, तेवढं बघता का' असं म्हणायचे. दोनदा सांगायची वेळ आली तर स्वतःच उठून ते काम करून टाकायचे.

माझ्याबद्दल त्यांनी जावयाला एकदाच सांगितलं. वीज गेली की ही चौकट जरा उजवीकडे ओढून घेत चला. जावयाने मान डोलावली. का ओढायची, ते अण्णांनी सांगितलं नाही. काळी पट्टी माझ्या पडद्याच्या काळ्या कडेला लागूनच आहे. जावयाला वाटलं, माझी कडच तेवढी रुंद आहे.

तो दिवस मला मिनिटामिनिटाने आठवतो. अण्णांची दाढ ठणकत होती. गाल सुजून वर आला होता. दुपारी दाढ काढून यायचं ठरलं आणि केबिन जावयाकडे आली. निघताना अण्णा दारात थांबले. माझ्याकडे पाहिलं. मग जावयाकडे पाहिलं. जावई नोंदवहीत काहीतरी लिहीत होते. अण्णांनी बोलायला तोंड उघडलं आणि मला वाटलं, ते आता माझं सांगणार.

"डबा वेळेवर खाऊन घ्या," ते म्हणाले, आणि गेले.

अर्ध्या तासाने वीज गेली. मिनिटभरात आली. मी सुरू झालो आणि चौकट पडदाभर पसरली. जावयाने माझ्याकडे पाहिलं. सगळं हिरवं होतं. आकडे सात होते, पण हिरवं दिसलं की माणूस मोजत बसत नाही.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी पहिल्या खोलीतला आकडा हलला. नळीच्या एका व्हॉल्व्हपाशी गळती सुरू झाली होती. आधी दहा. मग पंचवीस. मग साठ. मी तो लाल केला. काळ्या पट्टीच्या आत, जिथे कोणालाच दिसणार नव्हता. मी घंटा वाजवली. स्पीकरचा आवाज शून्यावर होता. शंभर. दीडशे. शेजारचे सात आकडे हिरवेगार होते आणि ते दाखवणारा मीच होतो. त्या क्षणी मला माझ्या सुबक, एकसंध अंगाची पहिल्यांदा भीती वाटली.

पहिल्या खोलीच्या बाहेर फळं निवडणाऱ्या बायका बसायच्या. त्यांच्यातली मुकादम केबिनच्या दाराशी आली. पदर नाकाला लावलेला, डोळे लाल.

"दादा, डोळे चुरचुरताहेत हो सगळ्यांचे. आत काही गळत तर नाही ना?"

जावई माझ्यासमोर येऊन उभे राहिले. वाकून त्यांनी एकेक आकडा नीट पाहिला. त्यांनी हयगय केली असं कोणी म्हणू नये. जे मी दाखवलं ते सगळं त्यांनी पाहिलं.

"इथे तर सगळं ठीक दिसतंय," ते म्हणाले. "फरशी धुवायचं औषध असेल. थांबा, मी उघडून बघतो."

जा, बायकांना घेऊन बाहेर जा, असं मला ओरडायचं होतं. मी फक्त लाल होत राहिलो. चारशे. साडेचारशे.

ते गेले. दाराची जड कडी उचलल्याचा आवाज मला काचेतून आला. त्यानंतरचा आवाज मी सांगणार नाही.

बायका पळाल्या नाहीत, हे मात्र सांगतो. मुकादमबाईंनी ओला फडका तोंडावर बांधला, दोघींना बरोबर घेतलं आणि जावयाला पाय धरून ओढत बाहेर आणलं. तिसरीने भिंतीवरचं लाल बटण दाबलं. कॉम्प्रेसर थांबला. मी आलो तेव्हापासून तिथे इतकी शांतता कधी झाली नव्हती. त्या शांततेत मी एकटाच चालू होतो, सात हिरवे आकडे दाखवत.

जावई वाचले. एक डोळा कायमचा धुरकट झाला आणि घशातून आवाज फुटेना. दीड महिना ते दवाखान्यात होते.

चौथ्या दिवशी दुरुस्तीवाला आला. त्याने मला टेबलावरून काढून जमिनीवर ठेवलं. पातळ पात्याने माझ्या कडा उचकटून आतली डिस्क बाहेर काढली आणि आपल्या संगणकाला जोडली. मी लिहून ठेवलेलं सगळं तिथे होतं. दोन चाळीस, इशारा. दोन त्रेचाळीस, इशारा. दोन पन्नास, इशारा. मॅनेजरबाईंनी ते वाचलं आणि खुर्चीत बसल्या. हंगाम संपेपर्यंत थांबायचं मीच ठरवलं, असं त्या हळूच म्हणाल्या.

अण्णा उभेच होते. सुजलेला गाल उतरला होता, पण चेहरा ओळखू येत नव्हता.

"मुलीने मला एकच विचारलं," ते म्हणाले. "अण्णा, तुम्हाला माहीत होतं? मी हो म्हणालो. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही."

दुरुस्तीवाला बाहेर गेला. गाडीतून त्याने दोन खोकी आणली. एकात सीपीयूचा डबा, दुसऱ्यात मॉनिटर. डबा त्याने थरथरीपासून दूर, बंद कपाटात ठेवला. मॉनिटर भिंतीला लावला. घंटा दोन्हींपासून वेगळी, स्वतंत्र वायरीवर. मग त्याने मॉनिटरची वायर उपसली आणि पहिल्या खोलीच्या यंत्राला वायूचा वास दिला. पडदा काळा असताना घंटा इमारतभर घणघणली. बाहेर बायका ताडकन उभ्या राहिल्या. त्याने वायर पुन्हा खोचली आणि आठही आकडे दिसू लागले. पाच मिनिटं लागली असतील. अण्णा भिंतीकडे तोंड करून रडले.

माझी डिस्क त्याने परत आत बसवली, कडा दाबून बंद केल्या आणि मला अडगळीत ठेवलं. या कॉम्प्युटरवर 'बाद' असं लिहून ठेवा, असं तो जाताना बजावून गेला. कोणी लिहिलं नाही. जावई परत कामावर आल्याचं मी अडगळीतच ऐकलं. ते कुजबुजत बोलतात आणि अण्णा त्यांना अरे-तुरे करतात म्हणे, एकेक गोष्ट तीनतीनदा सांगतात. मुलगी पुढे बापाशी बोलू लागली की नाही, ते मला कळलं नाही. त्याआधीच मला जुन्या पंख्यांबरोबर आणि मोडक्या खुर्च्यांबरोबर विकून टाकलं.

आता मी एका जुन्या सामानाच्या दुकानात आहे. दुकानदाराने मला पुसलं, वायर लावली आणि मी सुरू झालो. त्याचा चेहरा खुलला.

काल एक गिऱ्हाईक आलं होतं. त्याचा बर्फाचा छोटा कारखाना आहे. जागा कमी, एकच वायर, दिसायलाही सुबक, त्याला मी फार आवडलो. अमोनियाच्या नळ्यांवर लक्ष ठेवायलाच हवाय, तो म्हणाला, आमचं काम लहान आहे, चालून जाईल. उद्या तो गाडी घेऊन येणार आहे.

मित्रांनो, आम्ही यंत्रं आपलं दुखणं सांगू शकत नाही. ज्याला ते ठाऊक असतं त्यानेच ते सांगायचं असतं, संकोच न करता, पुन्हा पुन्हा, पुढच्या माणसाला नीट कळेपर्यंत. आणि ज्याच्यावर जीव अवलंबून आहेत असं काम बिघडलेल्या यंत्राला देऊ नका, ते कितीही सुबक दिसत असलं तरी. तुमच्यापैकी कोणी उद्या या दुकानावरून गेलात तर आत या. माझ्या डाव्या बाजूला, बरोबर त्या चार बोटांच्या पट्टीवर, दुकानदाराने 'चालू स्थितीत' अशी पाटी चिकटवली आहे. ती उचलून बघा, आणि त्या बर्फवाल्याला सांगा.