अठ्ठावन्नाव्या चालीतला घोडा

रूपरावजींनी मला 'नाव बबनरावचं टाका' असं सांगितलं नसतं, तर मी त्या दोन मशिनींच्या मागे इतकी हात धुऊन लागले नसते. काही कामं माणूस आवडीनं करतो, काही रागानं. माझी बरीचशी रागानंच झाली आहेत आणि ती वाईट झालेली नाहीत.

गोष्ट त्र्याऐंशी सालच्या मे महिन्यातली. नागपूरच्या एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत बुद्धिबळाचं सदर यायचं. ते लिहिणारे गृहस्थ वयामुळे थांबले. संपादकांनी त्या जागी एक डाव छापला. परदेशात दोन कॉम्प्युटर एकमेकांविरुद्ध खेळले होते, म्हणजे दोन प्रोग्रॅम. एकाहत्तर चाली होऊन डाव बरोबरीत सुटला होता. खाली चार ओळी होत्या: 'पांढऱ्याचा डाव जिंकलेला होता. तो कुठे हुकला, हे जो अचूक दाखवील त्याला हे सदर लिहायला मिळेल. उत्तर स्वतः शोधलेलं हवं आणि ते कसं सापडलं तेही लिहावं. मुदत ३१ मे.'

मी तेव्हा वर्ध्याला मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. बुद्धिबळ नागपूरच्या हॉस्टेलात शिकले होते, पण लग्न होऊन वर्ध्याला आल्यावर आठ वर्षं समोर बसायला कोणी नव्हतं. पुस्तक उघडं ठेवायचं आणि दोन्ही बाजूंनी आपणच खेळायचं, असा माझा खेळ. त्यामुळे त्या चार ओळी वाचल्या आणि मला ते सदर हवंच झालं. दर रविवारी माझ्या नावाखाली माझं डोकं छापून येईल, चार अनोळखी माणसं माझ्याशी वाद घालतील, एवढंच मला पाहिजे होतं. एवढंच म्हणते खरी, पण त्यापेक्षा जास्त काही मला कधी हवं झालेलं आठवत नाही.

गावात बुद्धिबळाचा एक क्लब होता. रूपरावजींच्या कापडदुकानामागच्या खोलीत संध्याकाळी पाच-सहा पुरुष बसायचे. रूपरावजी माझ्या नवऱ्याच्या ओळखीचे. एकदा घरी चहाला आले असताना मी त्या डावाचा विषय काढला.

"चौतिसावी चाल," ते कप खाली ठेवत म्हणाले. "तिथंच गेला डाव. आमचं उत्तर तयार हाय. तुमी बी पाठवून राह्यल्या का, बहिनी? मंग नाव बबनरावचं टाका. बाईच्या नावाचं पाकीट फोडणार बी नाई कोणी."

"टाक न माह्या नावानं," आमचे हे हसत म्हणाले. हे एसटी डेपोत कारकून, स्वभावानं लोण्यासारखे. "मले काय, फुकटात नाव होते."

मी कप उचलले आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आणली आणि पहिल्या पानावर माझं पूर्ण नाव लिहिलं.

तीन आठवडे मी त्या डावाला चिकटून होते. शाळेला सुट्टी होती. दुपारी खिडक्यांना ओली पोती लावून मी माजघरात पट मांडायची. मशिनींचा खेळ कोरडा असेल असं वाटलं होतं, पण नळावर भांडणाऱ्या दोघींसारख्या त्या एकमेकींना सोडायला तयार नव्हत्या. पांढरीनं एकोणतिसाव्या चालीला आख्खा हत्ती देऊन टाकला. काळीनं तो खाल्ला आणि वीस चाली तिचा राजा घर सोडून पळत होता. मग काळीनं सगळं परत ओढून आणलं. मी पांढरीला 'अगं मूर्ख' म्हणून मोठ्यानं ओरडले, तेव्हा सासूबाई आतून पाहायला आल्या.

सासूबाईंचं नाव मनकर्णाबाई. माहेर अल्लीपूरचं. कुरड्यांचे दिवस होते आणि सून लाकडाच्या घोड्यांशी बोलत बसलेली. त्यांनी बोलायचं ते बोलून घेतलं.

"गव्हाचा चीक आंबून राह्यला आन तू काय करून राह्यली?"

"आत्याबाई, पाच मिनिटं."

"तुही पाच मिनटं काल सकाळपासून सरून नाई राह्यली."

मी सकाळी कुरड्या घालत होते आणि दुपारी चाली तपासत होते. रूपरावजींची चौतिसावी चाल मी दोन दिवसांत मोडून काढली. तिथं काळीकडे उंटाची एक साधी चाल होती आणि पांढरीच्या हाती काही लागत नव्हतं. मग एकेचाळीस, सेहेचाळीस, त्रेपन्न. जिथं जिथं हुकल्याचा संशय यायचा, तिथं मी चार-चार पानं भरली आणि शेवटी फुली मारली. पंचवीस तारखेपर्यंत सत्तावन्न चाली चाळून झाल्या. चूक सापडेना. पण सोडून द्यायचं माझ्या मनात एकदाही आलं नाही. डोकं दुखलं, डोळे जळले, ह्यांच्यावर विनाकारण खेकसले, पण वही मिटली नाही.

अठ्ठावन्नाव्या चालीला पांढरीचं प्यादं शेवटच्या घरात पोचलं आणि तिनं त्याचा वजीर केला. त्यानंतर काळ्या वजिरानं शह द्यायला सुरुवात केली. राजा इकडे गेला की इकडून शह, तिकडे गेला की तिकडून. पांढरीचा नवा वजीर कोपऱ्यात नुसता उभा. तेरा चाली असं चालल्यावर माणसांनी डाव थांबवला. हे सगळं मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं आणि तिथं चूक शोधलीच नव्हती. शेवटच्या घरात गेलेल्या प्याद्याचा वजीर करायचा नाही तर काय करायचं?

त्या दुपारी मी तीच मांडणी समोर ठेवून बसले होते. आत्याबाई शेजारी तूर निवडत होत्या. त्यांची नजर पटावर होती हे मला उशिरा कळलं.

"हे प्यादं कोणाच्या घरात गेलं?"

मी चमकले. "तुम्हाला येतं?"

"माहे वडील डोमाजी, अख्ख्या अल्लीपुरात त्याहिले कोणी मात देल्ली नाई. घरी जोडीले मीच राहो. सांग न, घर कोणाचं?"

"घोड्याचं."

"मंग त्याचा वजीर कसा झाला?"

देशी डावात तसाच नियम आहे. प्यादं ज्याच्या घरात पोचेल, त्याचं रूप घेतं. हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. मी समजावणार, तोवर त्यांनी सुपातला हात झटकला, माझा नवा वजीर उचलून बाजूला ठेवला, तिथं घोडा बसवला आणि त्याच दमात तो घोडा उडवून काळा वजीर मारला.

"हे काय!"

"घोडा झाला का एक उडी फुकट. तुह्या पुस्तकात नाई का?"

"आत्याबाई, हा इंग्रजी डाव आहे. असं चालत नाही यात!" मी केवढ्यानं ओरडले, ते आठवून आजही लाज वाटते. तीन आठवड्यांचा सगळा राग त्या म्हातारीवर निघाला.

त्या रागावल्या नाहीत. सूप उचललं. "डाव डाव असते, बाई," म्हणाल्या आणि वाळवण पाहायला गच्चीवर गेल्या.

मी पुटपुटत सगळं पुन्हा मांडायला घेतलं. काळा वजीर होता तिथं परत ठेवला. घोडा मागे घेतला, प्यादं पोचलं होतं त्या घरात, आणि तो उचलून डब्यात टाकणार तेवढ्यात हात थांबला.

घोड्याचा राजाला शह होता.

आणि दुसऱ्या बाजूला, त्याच घोड्याच्या टप्प्यात, काळा वजीर होता. फुकटची उडी लागतच नव्हती. शह म्हणजे राजाला हलावंच लागणार, आणि राजा कुठंही गेला तरी पुढच्या चालीला वजीर खलास. मग पांढरीकडे घोडा, उंट आणि एक प्यादं, काळीकडे एकटं प्यादं. इंग्रजी नियमात प्याद्याचं काय करायचं ते खेळणाऱ्याच्या मर्जीवर आहे. हे मला हॉस्टेलपासून पाठ होतं, पण वजिराशिवाय दुसरं काही मी आयुष्यात कधी केलं नव्हतं.

मी प्रत्येक घर तपासलं. राजा सहा घरांत जाऊ शकत होता. सहाही लिहून काढली. एकदा राजानं जाता जाता उंट घेतला, तरी डाव पांढरीचाच राहत होता. मग मला हसू फुटलं, कारण काळीनं आपला वजीर त्या घोड्याच्या तोंडी स्वतः नेऊन ठेवला होता. दोघीही आंधळ्या. माझा अंदाज असा की, मशिनीचा वेळ वाचावा म्हणून लिहिणाऱ्यांनी तिला 'प्याद्याचा वजीर' एवढंच शिकवलं असावं. जे शिकवलं नाही ते तिला दिसलं नाही. माझंही तेच झालं होतं, आणि माझ्यापासून तर ते कोणी लपवूनही ठेवलं नव्हतं.

उत्तर लिहायला दोन दिवस लागले. 'कसं सापडलं' या प्रश्नापाशी मी अडले.

"सासूनं चुकीचा नियम लावला म्हून सापडलं, असं लिहिते का तू?" हे म्हणाले. "हसतीन लोकं. सदर जाईन हातचं."

तोंडापर्यंत आलेलं सदर जाईल, हे मलाही दिसत होतं. पण तीन आठवडे ज्या वहीत मी एकही चाल खोटी लिहिली नव्हती, तिच्या शेवटच्या पानावर खोटं लिहायला हात होईना. देशी नियम, फुकटची उडी, माझं ओरडणं, सगळं लिहिलं. खाली माझं नाव.

जूनच्या शेवटी संपादकांचं कार्ड आलं. 'त्रेपन्न पत्रांत अचूक उत्तर फक्त आपलं. परंतु आपल्याच लिहिण्याप्रमाणे चाल आपल्या सासूबाईंची आहे. अटीनुसार सदर त्यांना द्यावं लागेल. त्या लिहू शकतील काय, हे कळवावं.'

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. राग संपादकाचा नव्हता, माझ्या खरेपणाचा होता. मग तोंड धुतलं आणि कार्ड आत्याबाईंना वाचून दाखवलं.

त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं.

"म्या काय केलं व्हतं? घोडा केला आन त्याच दमात वजीर मारला. तुह्या इंग्रजी डावात चालते हे?"

"नाही."

"मंग माही चाल खोटी झाली. खोट्या चालीचं मी काऊन घेऊ?"

"पण घोडा तुम्हीच—"

"घोडा त डोमाजीचा बी नाई, त्याच्या आज्याच्या पयलेचा हाय. उडी न मारता वजीर मरते, हे कोणाले दिसलं? मले नाई दिसलं. मी त सूप घेऊन चालली गेलती." त्या माझ्याकडे बघत होत्या. "तीन हप्ते मी पाहून राह्यली, रुख्मा. कुरड्या घालतानी तुहे व्होट हालत व्हते. चाल तुही हाय. लिहजो त्याले, मी सांगतो तसंच."

त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. 'खोटी चाल माझी, खरी माझ्या सुनेची' या वाक्यावर माझे डोळे भरले, तर म्हणाल्या, "शाई पसरन, मांगं हो."

"आणि तुमचं नाव, आत्याबाई? कुठंतरी यायला पाहिजे."

"नाव तू घे. मले माही उडी पुरे."

पत्र मी दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना पेटीत टाकलं. जुलैच्या तिसऱ्या रविवारी सदर सुरू झालं, वर माझं पूर्ण नाव घेऊन. पहिलाच लेख मी देशी डावावर लिहिला होता आणि घोड्याच्या फुकटच्या उडीपाशी 'हा नियम मला मनकर्णाबाई उरकुडे यांनी शिकवला' असं त्यांना न विचारता घातलं होतं. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मी ते वाक्य मोठ्यानं वाचलं. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, पुष्कळ वेळ धरला आणि विचारलं, "यातलं मनकर्णा कोणतं?"