दुपारचे स्टेशन

इंदिराबाईंनी गॅलरीत बसून रेडिओत नव्या बॅटऱ्या बसवल्या, झाकण अंगठ्याने दाबले आणि बटण फिरवले. नवऱ्याच्या, ढुंढिराजांच्या सामानाबरोबर रेडिओही जायचा, तर तो चालू स्थितीतच जायला हवा. बिघडलेली वस्तू दुसऱ्याच्या दारात पाठवणे त्यांना पसंत नव्हते.

मीडियम वेव्हची खरखर सुरू झाली. समोर चामरलेण्याच्या डोंगरावर ऊन सपाट पडले होते. भर दुपारी काट्याखाली जवळचे एखादे केंद्र लागावे, एवढेच. दूरची स्टेशने दिवस मावळल्यावर येतात, हे त्या घरातल्या मांजरालाही ठाऊक असावे, इतकी वर्षे ढुंढिराज संध्याकाळी गच्चीवर बसून मस्कत, कोलंबो, ताश्कंद शोधत आले होते.

तरीही खरखरीच्या तळातून एका पुरुषाचा आवाज वर आला.

"कुणी ऐकतंय का?"

थोडे थांबून पुन्हा तेच. ना गाणे, ना बातम्या, ना केंद्राचे नाव.

"आई, आवरलं का? गाडी येईल आता," बॅगेची चेन ओढत किशोर म्हणाला.

गाडी शुश्रूषा केंद्राची होती. अर्धांगाचा झटका आल्यापासून ढुंढिराज मागच्या खोलीत पडून होते. बोलणे गेले होते आणि नजर छताला लागलेली असे. त्यांना आता काही उमगत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते आणि इंदिराबाईंच्या मनगटांत त्यांना कुशीवर वळवण्याचे बळ उरले नव्हते. तेव्हा त्यांनीच मुलाला शब्द दिला : घेऊन जा. दिलेला शब्द इंदिराबाईंनी उभ्या आयुष्यात फिरवला नव्हता. हे सुनेला कळून चुकले होते, भाजीवाल्यालाही.

"हे कुठलं स्टेशन रे?"

"जळगाव असेल. नाहीतर गुजरातकडचं एखादं."

"गुजरातेत मराठीतून विचारतात होय?"

"आई, आता या वेळी रेडिओ नको ना काढूस."

"मी काढला नाही. तो लागलाय."

त्यांनी सेट दोन्ही हातांत आडवा धरला आणि सावकाश फिरवू लागल्या. हे काम त्यांच्या हातांना पाठ होते. सेटच्या आत लांबीच्या बाजूने एक काळी कांडी असते. तिचे टोक स्टेशनच्या रोखाने आले की आवाज मरतो. जवळचे दांडगे केंद्र असे गप्प केले की त्याच्यामागे दडलेले दूरचे ऐकू येई. ढुंढिराज हेडफोन लावून डोळे मिटून बसत आणि 'अजून थोडं डावीकडे, इंदू' असे म्हणत. घरादारावर हुकूम चालवणारी बाई गच्चीवर तेवढी निमूट वळे.

गॅलरीत आवाज मेला, तेव्हा सेटचे टोक घराच्या आत वळलेले होते.

त्या स्वयंपाकघरात गेल्या. माणूस घरातल्या घरात चार पावले चालला म्हणून दूरचे स्टेशन दिशा बदलत नाही. मस्कत गच्चीवरून जिकडे, तिकडेच ओट्यापासूनही. इथे मात्र आवाज मेला तेव्हा टोक वेगळ्याच दिशेला होते. गॅलरीतली रेघ आणि ओट्यापासची रेघ त्यांनी मनातल्या मनात पुढे ओढली. दोन्ही मागच्या खोलीत एकमेकींना छेदत होत्या.

"आई, दूध उतू जातंय," असे म्हणत तेजश्रीने गॅस बंद केला.

मागच्या खोलीत इंदिराबाई आधी उशाशी उभ्या राहिल्या, मग पायथ्याशी. दोन्ही वेळा आवाज मेला तो टोक पलंगाकडे आल्यावर. ढुंढिराजांचे ओठ हलत नव्हते. सेट जरा तिरपा होताच आवाज परत आला, पूर्वीपेक्षा स्पष्ट. या वेळी शब्दांच्या आधी घसा बारीक खाकरल्याचेही ऐकू आले. टेलिफोन खात्यातल्या नोकरीने जडलेले ते खाकरणे पुढे जन्मभर ढुंढिराजांच्या प्रत्येक वाक्याआधी आले होते.

"कुणी ऐकतंय का?"

खाली हॉर्न वाजला.

"गाडी परत पाठव," त्या दाराशी आलेल्या किशोरला म्हणाल्या.

"आई! तूच कबूल केलंस ना? मी रजा काढून आलोय. केवढ्या मिनतवारीनं खोली मिळालीय तिथं."

"केलं होतं कबूल. आता शब्द परत घेते."

"कशासाठी? या खरखरीसाठी?"

त्यांनी रेडिओ त्याच्या हातात दिला. किशोरही त्याच गच्चीवर वाढलेला. वैतागून त्याने सेट फिरवला, आधी खिडकीच्या बाजूने, मग पलंगाला वळसा घालून पलीकडून. दुसऱ्यांदा त्याचे हात मध्येच थांबले. आत कुणी निजले असावे इतक्या हलकेच त्याने रेडिओ उशाशी ठेवला आणि वडिलांच्या चेहऱ्याकडे न पाहता तो जिना उतरला. जरा वेळाने गाडी मागे वळवल्याचा आवाज आला.

"तेजश्री, उद्या एखादी दणकट बाई बघ. यांना कुशीवर वळवायला."

"बघते, आई."

"आणि यांना काही कळत नाही, असलं यांच्या उशाशी पुन्हा कुणी बोलायचं नाही."

तेजश्री मान हलवून बाहेर गेली. इंदिराबाई खुर्ची ओढून बसल्या. ऊन फरशीवरून सरकत पलंगाच्या पायाला लागले.

"कुणी ऐकतंय का?"

त्यांनी पदर सावरला. जन्मात कुणापुढे शब्दाला न अडलेल्या त्यांना आता काय म्हणावे ते सुचेना.

तेवढ्यात खरखर क्षणभर विरळ झाली आणि रेडिओतून एका बाईचा आवाज आला. ठाम, किंचित कोरडा.

"ऐकतेय. बोला."

तेजश्री दारातून डोकावली.

"आई, मला काही म्हणालात?"

इंदिराबाईंनी बोटे ओठांवर टेकवून पाहिली. ते मिटलेलेच होते.

"नाही," त्या म्हणाल्या. "दार लोटून घे."