उसवलेली पट्टी

"मास्तर, संपलं का हो हे?" शिलाई मशीनवरचा पाय काढत खंडोजी टेलरने विचारलं.

हयवदनराव बकाणाच्या झाडाच्या बुंध्यापाशी उकिडवे बसले होते. शेजारच्या एसटीडी बूथच्या प्रवीणकुमारने रविवारची सुट्टी साधून खोडाभोवतीची साल वीतभर रुंद सोलून काढली होती. पानं आली की त्याच्या बूथची पिवळी पाटी झाकली जायची.

"वाळलेलंच होतं ते," प्रवीणकुमार दारातून कानडी हेलात म्हणाला. "एक पान दाखवा की, मेष्ट्रे!"

जानेवारीत बकाणावर पान नसतंच. पण राजाजीनगरच्या त्या कोपऱ्यावर खंडोजीचं सगळं आयुष्य याच सावलीत शिवून झालं होतं. झाड गेलं तर मशीन कुठे मांडायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

हयवदनरावांनी शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं. रंगीत खडूंनी खोडाचा छेद ते असा काढत, की शिपाई तो पुसायला कचरत असे. जिवंत झाडाला मात्र त्यांनी कधी पातं लावलं नव्हतं. कुणी ऐकलं नाही तरी चालेल अशा आवाजात ते म्हणाले, "काड्यांचा पूल बांधता येतो... असं वाचलंय. केलेलं नाही."

"मी तरी कुठं केलंय? पण कापायचं, जोडायचं असंल तर सांगा की."

पानांनी केलेलं अन्न सालीतून मुळांना जातं; ती वाटच तुटली होती. झाडाच्याच काड्या त्या सोललेल्या पट्ट्यावरून लावायच्या, त्यांची टोकं वर-खाली सालीत खोचायची. काडी मात्र झोपलेली हवी आणि खोड जागं. म्हणून काड्या कापून ओल्या फडक्यात, मास्तरांच्या घरच्या फ्रिजमध्ये गेल्या.

"कढीलिंबाशेजारी ही लाकडं?" मास्तरांच्या पत्नी कृष्णवेणीबाई म्हणाल्या. "उद्या फोडणीत पडली तर मला बोलायचं नाही हं!"

खोड जागं व्हायला फांद्यांवरचे पानांचे डोळे फुगावे लागतात. वर पान फुटायला लागलं, की सालीखालून सांगावा उतरत येतो. साल आणि लाकूड यांच्यामधला पदर ओलावतो, नवं लाकूड घडू लागतं, आणि साल सुटते. फेब्रुवारी सरता सरता डोळे फुगले. पट्ट्याच्या वरची साल उकडलेल्या बटाट्यासारखी सुटली. खालची मात्र चिकटून बसली.

"स्वल्प पण हलंना की, मास्तर."

हयवदनरावांना कळलं. सांगावा त्या पट्ट्यापाशीच अडला होता. पुस्तकात हे असेलही, पण त्यांनी ते वाचलं नव्हतं. त्या दिवशी ते ताटावरून अर्धवट उठले. उगाच त्या माणसाला आशा लावली, असं त्यांच्या मनात येत राहिलं.

काही दिवसांनी खंडोजी धापा टाकत दारात आला. "खाली कोंब आलेत, मास्तर! बुंध्याला, चारी अंगानं! प्रवीण्या मोडायला निघाला होता. कोंबांवर स्टूल पालथं घालून आलोय!"

"आपलं आपणच जागं झालं!" म्हणत मास्तर एका पायात स्वतःची आणि दुसऱ्या पायात बायकोची चप्पल घालून धावले. कोंबांना इवली पानं होती. त्या पानांनी खालच्या खोडाला हाक दिली होती. नखाने दाबताच साल सुटली.

"काडीचं खालचं टोक खालीच राहू दे हं, खंडोजी."

"मखमल उलटी लावणारा टेलर वाटलो काय?"

"आणि लांबी बरोबर पट्ट्याएवढी..."

"छे! माया नको ठेवायला? वाऱ्यानं झाड हललं की टाका तुटला." त्याने फ्रिजमधून आणलेल्या काड्या जरा लांबच कापल्या. खोचल्यावर त्या कमानीसारख्या बाहेर आल्या. मास्तर बघत राहिले. पुस्तकातल्या चित्रात काड्या अशाच वाकलेल्या होत्या. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, चित्रकाराचा हात कच्चा.

बारीक खिळे ठोकले, मेण लावलं. वरून खंडोजीने कॅनव्हासची पट्टी ओढून गुंडाळली आणि आयुष्यातली सर्वांत पक्की शिवण घातली.

झाड पानांनी भरलं, जांभळी फुलं आली. खंडोजीने म्हैसूरपाक आणला.

"अजून नाही," मास्तर म्हणाले. "ही पानं मागच्या साठवणीवरची. काड्यांत लाकूड भरलं, तरच मुळं जगतील. पुढच्या वर्षी कळेल."

"पुढच्या वर्षी सरपण घेऊन जा, मेष्ट्रे!" बूथमधून आवाज आला. मास्तरांनी मान खाली घातली.

पावसाळा गेला, पानं गळाली. पुन्हा ते उघडं झाड बघत मास्तर रोज तिथून जात आणि खंडोजीशी बोलायचं टाळत. मग एका सकाळी त्यांनी कोपऱ्यावर ओरडा ऐकला.

"मास्तर! उसवली! माझी शिवण उसवली!"

खंडोजी गिऱ्हाइकाची अर्धी शिवलेली पॅन्ट हातात घेऊन नाचत होता. पट्टी आतून फाटून लोंबत होती. आतल्या काड्या आता काड्या राहिल्या नव्हत्या. अंगठ्याएवढ्या जाड होऊन वर-खाली खोडात मुरल्या होत्या. वर प्रत्येक फांदीला पोपटी पानं फुटत होती.

"अंगात मावेना झालंय, मास्तर! मोठ्या मापाची शिवू काय?"

"नको." मास्तरांनी कमानीवरून बोट फिरवलं. मग वर्गातही कधी न चढलेला त्यांचा आवाज चढला. "जगलं! खंडोजी, जगलं!"

बूथमध्ये फोनवर बोलणाऱ्या माणसाने दुसऱ्या कानावर हात ठेवला. प्रवीणकुमार दारात आला, त्याने पिवळ्या पाटीकडे आणि पानांकडे पाहिलं, आणि शिडी आणायला गेला. पाटी सरकवायला.

खंडोजीने गळ्यातली टेप काढून एका कमानीला अडकवली आणि मशीनवर पाय ठेवला.