एका महाप्राणाचा अंत

थोरल्या जावेची कादंबरी तीन ठिकाणांहून परत आली होती आणि तिन्ही पत्रांत 'आशयघन' हा शब्द होता. चौथ्या पत्रातही तोच आला तर आपण लिहिणं कायमचं बंद करणार, असं तिनं सोमवारी सकाळी दात घासताना जाहीर केलं. तोंडात फेस असल्यामुळे घरच्यांना ते नीट कळलं नाही, म्हणून चहाच्या वेळी तिनं ते पुन्हा जाहीर केलं.

धाकटी जाऊ हादरली. तीही लेखिकाच. रहस्यकथा लिहायची, वर्षाला चार, प्रत्येकीत किमान दोन खून. थोरली चौदा वर्षं एकच कादंबरी लिहीत होती आणि तिच्यात कुणाला साधी सर्दीही झाली नव्हती. तरी दोघींचं टेबल एक, खोली एक. थोरलीला बसून सुचत नसे. ती खिडकीपासून कपाटापर्यंत येरझारा घालत वाक्यं सांगायची आणि धाकटी ती टाइप करायची. त्याच्या बदल्यात थोरली धाकटीची प्रेतं मोजून द्यायची. कारण खुनाच्या भरात धाकटीनं एकदा मेलेल्या वकिलाला पुढच्याच प्रकरणात जेवायला बसवलं होतं आणि वर दोनदा वाढलंही होतं.

खोलीच्या भिंतीपलीकडे दातांचा दवाखाना होता. तो धाकटीच्या नवऱ्याचा, म्हणजे थोरलीच्या दिराचा. दात कोरण्याचं यंत्र सुरू झालं की दोघी आवाज चढवायच्या. थोरलीचे यजमान मोजणी खात्यात. ते कायम दौऱ्यावर असत, त्यामुळे त्यांना साहित्याचा त्रास नव्हता.

बुधवारी अकरा वाजता चौथ्या प्रकाशनाच्या संपादिकेचा फोन आला. धाकटीनं न विचारता स्पीकर लावला. थोरलीनं खिडकीचा गज धरला.

"आशयघन आहे का?" तिनं एकदम विचारलं.

"कसलं आशयघन! स्पष्ट बोलते हं, बाई. दोनशे दहा पानं मी झोपेशी झगडत होते. नवरा परदेशी गेला, बाई खिडकीत बसली. पुढच्या प्रकरणात बघावं तर बाई खिडकीतच. आणि मग आलं पान दोनशे अकरा! मी खुर्चीतून उठले. काय ते वाक्य!"

"कुठलं?"

"'आजही पत्र आलं नाही. तिनं दीर धरला.'"

थोरलीचा गजावरचा हात सुटला.

"'दिराचा हात धरला' नाही, 'दिराला धरलं' नाही. प्रत्ययसुद्धा गाळलात! दीर धरला! अख्खाच्या अख्खा! आणि तिसऱ्या प्रकरणात तो नळ दुरुस्त करून जातो ना, ते मला तेव्हा फालतू वाटलं होतं. आता कळलं! आम्ही छापतोय. फक्त एवढं झाल्यावर बाई परत खिडकीत का जाऊन बसते, ते सांगा. मी चारपर्यंत आहे."

फोन बंद झाला.

"तू काय टाइप केलंस?" थोरलीनं हळूच विचारलं.

"तू सांगितलंस ते."

"मी धीर सांगितला होता! ध! धरणातला ध!"

"यंत्र चालू होतं गं, ताई. मला दीर ऐकू आलं. मी म्हटलं, अखेर!"

"अखेर काय?"

"अखेर काहीतरी घडलं! मी उठून नाचणार होते, पण तू पुढचं वाक्य सांगायला लागलीस."

"अगं, पण माझा दीर म्हणजे तुझा नवरा! तुला काहीच वाटलं नाही?"

"क्षणभर वाटलं. मग म्हटलं, साहित्य आहे."

तेवढ्यात दार उघडून दीरच आत आला, हातात रबरी मोजे, तोंडावर मास्क.

"वहिनी, मला हाक मारलीत?"

"नाही!" दोघी एकदम म्हणाल्या.

"मग दीर, दीर कोण ओरडतंय? पेशंटनं दचकून माझं बोट चावलं."

धाकटीनं थोडक्यात सांगितलं. त्यानं मास्क खाली केला आणि शांतपणे विचार केला.

"नळ दुरुस्त करतो म्हणालीस? मग तो मी नाही. आपला नळ वर्षभर गळतोय." एवढं बोलून तो बोटाला पट्टी लावायला गेला.

"गप्प बसायचं," धाकटी म्हणाली. "मुद्दाम केलं म्हणून सांगायचं. पुस्तक निघतंय, ताई! अजून काय हवं?"

"वाक्य माझं नाही. त्याच्याखाली नाव कसं घालू?"

"तुझंच आहे. फक्त ध मधला ह, म्हणजे महाप्राण गेलाय."

"आणि कादंबरीत प्राण आला, असंच ना?" थोरली चिडून म्हणाली, आणि आपण काय बोललो ते ऐकून खुर्चीत बसली. चौदा वर्षांत ती त्या खुर्चीत पहिल्यांदा बसत होती.

धाकटीनं आपली खुर्ची तिच्याजवळ ओढली. "मी खुनी आधीच ठरवून ठेवते. पण शेवट आला की भलत्याच माणसाला घाम फुटायला लागतो. मी काय त्याला अडवते?"

"मी अडवते," थोरली म्हणाली. समोर भिंतीवर तिचा तक्ता होता, एकवीस प्रकरणांचा, पट्टीनं आखलेला. त्यात दिराच्या नावापुढे लिहिलं होतं: 'नळ. जातो.' "तो जाताना दारात घुटमळला होता. मी घालवलं त्याला. तक्त्यात नव्हतं म्हणून."

धाकटीनं संगणकावर शोध घेतला. "ताई, 'धीर धरला' सदतीस वेळा आहे. सदतीस! अडतिसाव्यांदा दीर."

"दाखव." थोरली उठली. ती सदतीसच्या सदतीस वाक्यं वाचत गेली आणि विसाव्याला तिला हसू फुटलं. तिसाव्याला धाकटीनं टेबलावर डोकं टेकलं. "बाई आहे की बँकेची रांग!" थोरली डोळे पुसत म्हणाली. ही टीका तिच्या तिन्ही प्रकाशकांना सुचली नव्हती.

पावणेचारला तिनं फोन लावला आणि सगळं खरं सांगून टाकलं. यंत्र, ध, सगळं.

संपादिकेनं ते वाक्य पुन्हा मोठ्यानं वाचलं. "म्हणजे प्रत्यय तुम्ही गाळला नव्हता?"

"धीराला प्रत्यय लागत नाही हो."

"बाई, आता माझी पंचाईत आहे. तुम्ही ती चूक दुरुस्त केलीत तर मी हे छापू शकणार नाही."

धाकटीनं डोळे मिटून घेतले.

"दुरुस्त करत नाहीये," थोरली म्हणाली. "त्याच्यापुढची पन्नास पानं फेकतेय. आधीचे सदतीस धीरही बघते. वाक्य चुकून आलं होतं. आता मी ठेवतेय."

"मग पुढे काय होतं?"

"माहीत नाही."

"चौदा वर्षं लिहिताय ना?"

"हो! आणि आज पहिल्यांदा माहीत नाही!" ती इतक्या जोरात म्हणाली, की पलीकडे यंत्र बंद पडलं. "दोन महिने द्या."

"दिले," संपादिका म्हणाली. "पण त्या दिराचं काय झालं ते मला आधी कळवा. घरी नवराही विचारतोय."

थोरलीनं फोन टेबलावर टाकला आणि चालायला लागली. खिडकी, कपाट, खिडकी. धाकटी तयारच होती.

"लिही. 'दीर म्हणाला, वहिनी, हात सोडा.'"

"हं. मग?"

"'ती म्हणाली...'" थोरली मध्येच थबकली.

"काय म्हणाली? ताई, बोल ना लवकर!"

"थांब गं, ऐकतेय." थोरलीचा चेहरा तापला होता. "'ती म्हणाली, आधी तो नळ पुन्हा बिघडवा.'"

धाकटीनं किंचाळून दोन्ही हात वर केले, मग ते वाक्य टाइप केलं, आणि दार नीट लावून घेऊन परत येऊन बसली.