ओटीचं ताट

चंद्रप्रभा नटी होती तोवर तिला प्रेक्षक कधी दिसलेच नाहीत. डोळ्यांवर उजेड, पुढे काळोख, आणि काळोखातून येणाऱ्या टाळ्या. नांदेडच्या नाट्यस्पर्धेतून ती मुंबईला गेली, मालिकांमध्ये वर्षानुवर्षं कुणाची ना कुणाची भावजय झाली, दुसऱ्याने लिहिलेलं रडू रडून विटली आणि म्हणाली, रडायचंच तर निदान आपलं आपण लिहून रडू. मग नाटकं लिहिली, पटकथा लिहिल्या, पुढे निर्मातीही झाली. तेव्हापासून तिला मागच्या दाराशी उभं राहून प्रयोग बघायची खोड लागली. तिथून प्रेक्षकांच्या पाठी दिसतात. तोंडदेखलं कौतुक तोंडाला जमतं, पाठीला जमत नाही, असं ती म्हणायची.

लोह्याच्या प्रयोगाला या पाठींनीच तिचा घात केला. नाटकाचं नाव ‘रिकामा पाट’. शेवटच्या प्रवेशात लेकीचं डोहाळजेवण असतं. ओटीचं ताट येतं, आणि लेक पाटावरून उठते, स्वयंपाकघरात लपलेल्या विधवा आईला हाताला धरून आणते, पाटावर बसवते आणि आधी तिची ओटी भरते. लातूरला या प्रवेशाला लोक उभे राहिले होते. लोह्याला ताट आलं आणि सतरंजीवरच्या मागच्या बायका उठल्या. वाकून, पदर सावरत, कुणाच्या आड न येता, एकेक करून बाहेर गेल्या.

“शेवट पडतोय,” रुद्रेश म्हणाला. याच नाटकावर तो सिनेमा करणार होता. “मी मुखेडला येऊन बघतो. तिथंही उठल्या, तर सिनेमात हा प्रवेश नको.”

चंद्रप्रभाला वाटलं, हा प्रवेश काढायचा तर उरलेलं नाटक कशाला ठेवायचं? तिच्या स्वतःच्या डोहाळजेवणाला तिची आई दाराआड उभी होती, आणि हिने एवढ्या बायकांत बसून तिला हाक मारली नव्हती. आई गेली. मारायची राहिलेली ती हाक म्हणजे हे नाटक होतं.

पण बायका का उठतात? तिला चैन पडेना. एस.टी. चुकत असेल म्हणून मुखेडचा पहिला प्रयोग भर दुपारी लावला. नटांना शेवट जरा पळवायला सांगितलं. वाक्यं जड असतील म्हणून दोन छाटलीसुद्धा. दुपारी मंगल कार्यालयात ताट आलं, आणि बायका उठल्या. या वेळी मात्र चंद्रप्रभा त्यांच्यामागे गेली.

बाहेर बघते तर कुणी घरी गेलंच नव्हतं. सगळ्या कट्ट्यावर ओळीने बसल्या होत्या.

“मावशी, नाटक आवडलं नाही का?” तिने कडेच्या म्हातारीला विचारलं. म्हातारीचं नाव कस्तुराबाई.

“लई आवडलं की. त्या पोरीपायी जीव तुटून राहिलाय.”

“मग का उठलात?”

कस्तुराबाईने तिच्याकडे असं पाहिलं, जणू एवढी शिकलेली बाई आणि हे विचारते. “ओटीचं ताट निघालं न्हवं? आमी कपाळ पुसलेल्या. तिथं कसं बसावं?”

“अहो, ते नाटक आहे.”

“नाटक हाय हे कळतंय मला. पण नारळ तर खरा हाय? तांदूळ खरे हायत. ती पोरगी बी कुणाची तरी लेक हाय. आमच्या पायी तिचं वंगाळ कशाला व्हावं?” मग ती जवळ सरकली. “ते जाऊ दे. तू आतली दिसतीस. त्या पोरीला पोरगी झाली का पोरगा?”

चंद्रप्रभाच्या आता ध्यानात आलं. ज्यांच्यासाठी हा प्रवेश लिहिला, त्यांनी नेमका तोच पाहिला नव्हता, आणि तेही नाटकातल्या पोरीवरच्या मायेने. आणि दाराआडच्या आईची लेक असून हिला ते कळलं नव्हतं. गावभर लग्नं जुळवत फिरावं आणि घरच्या लेकीचं वय विसरावं, तसली गत. तिला स्वतःचा रागही आला आणि हसूही आलं.

“उद्या परत या मावशी,” ती म्हणाली. “तेव्हा सांगते.”

दुसऱ्या दिवशी तिने आईचं काम स्वतःकडे घेतलं. लेकीचं काम करणाऱ्या वर्षाराणीला बाजूला नेऊन काय ते समजावलं. रुद्रेश पुढच्या खुर्चीवर येऊन बसला.

ताट आलं. मागे बायका उठल्या. आणि रंगमंचावर, स्वयंपाकघराच्या दाराशी बसलेली आईही उठली. पदर सावरत पायऱ्या उतरली, वाकून लोकांमधून वाट काढली आणि त्या बायकांबरोबर बाहेर गेली. कट्ट्यावर कस्तुराबाईने सरकून तिला जागा दिली. उठून आलेल्या बाईला काय विचारायचं?

आतून हाक आली. “आई! आई कुठाय माझी?”

वर्षाराणी ताट घेऊन खाली उतरली होती. प्रेक्षक खुर्च्या फिरवून बघू लागले, काही मागोमाग दारापर्यंत आले. ती उंबरा ओलांडून कट्ट्यापाशी थांबली. इथे चंद्रप्रभाचं वाक्य होतं. आयुष्यभर पाठांतरावर जगलेली ही बाई, पण वाक्य आठवेना.

कस्तुराबाईने तिला कोपराने ढोसलं. “जा की. लेकरू हाक मारून राहिलंय.”

हे वाक्य कुणी लिहिलेलं नव्हतं. चंद्रप्रभाला रडू फुटलं, आणि या खेपेला ते तिचं स्वतःचं होतं. वर्षाराणीने तिथेच तिची ओटी भरली. खण, तांदूळ, नारळ. मग बाजूला हळूच हालचाल झाली. कस्तुराबाईने आपला पदर पुढे केला होता. पुरता पसरलेला नव्हे. नको म्हटलं तर चटकन मागे घेता यावा, एवढाच.

वर्षाराणी गोंधळली. ताटात मूठभर तांदूळ उरले होते, पण नारळ एकच होता.

चंद्रप्रभाने आपल्या ओटीतला नारळ काढला आणि कस्तुराबाईच्या पदरात ठेवला. म्हातारीने तो दोन्ही हातांनी पोटाशी धरला. शेजारच्या बायका कपाळावरचे पदर मागे सारून बघत राहिल्या. त्यातल्या एकीने आपलाही पदर सोडवला.

गर्दीतून रुद्रेश पुढे आला. “हे संहितेत कुठाय?”

“लिहायचंय अजून,” चंद्रप्रभा म्हणाली.

कस्तुराबाईने डोळे पुसले. कालची गोष्ट ती विसरली नव्हती.

“आता तरी सांग बाई. पोरगी झाली का पोरगा?”

“पोरगी झाली, मावशी.”

“बरं झालं,” कस्तुराबाई म्हणाली. “तिच्या बारशाला मी आतच बसीन.”